कमावता उकार

मिस्त्रींच्या दुकानावर पाटी नव्हती, असे नाही. पाटी होती, नीट रंगवलेली होती आणि शुद्धही होती. त्यामुळे अकरा वर्षांत ती कोणी वाचली नव्हती. लोक पाटीखालीच उभे राहून शेजारच्या शिंप्याला विचारत, "मिक्सर कुठे दुरुस्त करून मिळेल हो?" शिंपी मान वर न करता सांगे, "चौकापलीकडे विचारा."

"असंच चाललं, तर माझ्या भावाच्या गोदामात पोती उचलायला जावं लागेल तुम्हाला," मिस्त्रींची बायको म्हणाली. "ती पाटी बदला आधी."

मिस्त्रींना पोती परवडली असती, मेहुण्याचे उपदेश नसते परवडले. त्यांनी पेंटरला बोलावले. पेंटरने प्रभावी फलकाची तत्त्वे सांगितली: अक्षरे मोठी, शब्द थोडे, रंग भडक. शुद्धलेखन त्याच्या अभ्यासक्रमात नव्हते. दुपारपर्यंत पिवळ्यावर लालभडक एकच शब्द झळकला, 'दुरूस्ती'.

रंग वाळायच्या आत मागच्या गल्लीतले निवृत्त मास्तर दुकानात शिरले. जन्मात पहिल्यांदाच.

"'दुरुस्ती'तला रु पहिला. तुम्ही दुसरा काढलाय."

"उद्या सांगतो पेंटरला."

"उद्या कशाला? दुरुस्तीच नादुरुस्त, म्हणजे काय!" एवढ्यात मास्तरांची नजर फळीवर गेली. "पंखे करता वाटतं? आमचा दोन उन्हाळे खडखडतोय."

मास्तरांमागून वकील आले, मग बँकेतल्या बाई. प्रत्येकाच्या ओठांवर तीच चूक आणि काखेत काहीतरी बिघडलेले. शनिवारी तर रांग लागली. मिस्त्री भला माणूस; लाज वाटून ते पेंटरकडे निघाले, तेव्हा बायको दारात आडवी आली.

"त्या उकाराला हात लावाल तर खबरदार! घरात तो एकटाच कमावता आहे."

असल्या गोष्टी बाजारात लपत नाहीत. शिंप्याने 'शीवून मिळेल' लिहिले, बेकरीने 'ताझा पाव', चष्मेवाल्याने तर 'द्रुष्टी'. महिन्याभरात रस्त्यावर औषधालाही शुद्ध पाटी उरली नाही. तेव्हा कुठे पालिकेच्या कार्यालयाला जाग आली आणि निरीक्षक नोटीस घेऊन हजर झाले. 'सदर फलकावरील अशुद्धीस आपण पूर्वपरवानगी घेतल्याचे दिसून येत नाही.'

"म्हणजे चूक सुधारू?" मिस्त्रींनी विचारले.

निरीक्षक दचकले. "तसं आम्ही कुठे म्हटलंय? सुधारणेचा विभाग वेगळा. आमच्याकडे फक्त नोंदणी. एका फलकाला एक चूक मंजूर होते. उकाराची वर्षभर चालते, वेलांटीची सहा महिने. जोडाक्षराला मात्र साहेबांची सही लागते."

"पण साहेब, या नोटिशीतच खाली चार चुका आहेत."

"त्या मंजूर आहेत," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी मागचा शिक्का दाखवला.

मिस्त्रींनी तीन प्रतींत अर्ज केला. उकार अधिकृत झाला आणि त्याच आठवड्यात निकामीही झाला. जिकडेतिकडे चुकाच झाल्यावर चुकीकडे बघतो कोण? गिऱ्हाईक आटले. पोती तयार असल्याचा मेहुण्याचा निरोप आला. वैतागून मिस्त्री स्वतःच शिडीवर चढले आणि विनापरवाना उकार पहिला करून खाली उतरले.

सकाळी दुकानापुढे नऊ जण उभे.

"मिस्त्री, पाटी चुकलीय तुमची!"

त्यांत मास्तरही होते, जरा ओशाळलेले. "हल्ली सगळीकडे दुसराच दिसतो," ते म्हणाले. "म्हटलं, विचारून घ्यावं."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "काय बिघडलंय?"

तुम्हाला हे अंमळ अतिरंजित वाटत असेल. वाटू द्या. पण इतका वेळ या मजकुरात एखादा उकार, एखादी वेलांटी चुकलीय का, हे तुम्ही मनातल्या मनात तपासत होतात की नाही? सापडली तर जरूर सांगायला या. येताना घरातले काही बंद पडलेले असेल, तर तेही घेऊन या.