सुगंती बेठेकर यांस देवडीवर अडविल्याची हकीकत

श्रीशारदेच्या चरणांकडे दृष्टी लावून, मुखाकडे पाहण्याचे धैर्य न करिता, लिहिणे आरंभिले. विद्यार्थीजनांनी पुसिले की, संशोधनवृत्तीचा कारभार सुभ्याच्या हातून कैसा गेला, ते जैसे घडले तैसे लिहून द्यावे. त्यास हकीकत ऐसी जे, शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सरे, कार्तिकमासी, एका विद्येच्या राज्यात, जेथे मनाचे शास्त्र शिकवितात त्या सुभ्यावर आबासाहेब निंबर्गी सुभेदार होते, आणि प्रस्तुत लिहिणार त्यांचे पदरी अध्यापक होता. ते समयी भागीरथीबाई सोनटक्के म्हणून वृद्ध बाई, जन्मभर शाळा चालवून निवृत्त जाहल्या होत्या, त्यांनी आपले द्रव्य राज्यास अर्पण केले आणि पत्र लिहिले की, "ज्या लोकांतून या शास्त्रात आजवर कोणी आले नाही, त्यांच्या मुलींस संशोधनाकरिता वृत्ती द्यावी." पत्र दरबारात वाचिले, आणि शाल देऊन बाईंचा सन्मान केला, आणि मग निवडीचा दिवस नेमिला. डोंगरी मुलखातून सुगंती बेठेकर, कोरकू लोकांची मुलगी, आपल्या गावातून पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच, मुलाखतीस आली. तिचे थोरले बहिणीचे तान्हे मूल त्याच श्रावणात गेले होते. ती सांगू लागली की, "आमच्याकडे लेकरे जातात, मग बाहेरून माणसे येऊन छापील प्रश्न विचारितात. दुःख होते काय? झोप लागते काय? बाया म्हणतात, काही नाही. आणि कागदावर तेच लिहितात, काही नाही. पण माझी बहीण अजून रोज पाळण्याची दोरी धुते. तिला तिच्या बोलीत कोणी विचारिले नाही. मला विचारायचे आहे." आम्ही चौघे परीक्षक बसलो होतो. सुभेदारांनी मजकडे पाहिले, आणि मर्जीचा रोख ओळखून म्यां विचारिले की, "म्हणजे बहिणीशी गप्पा मारावयास वृत्ती पाहिजे काय?" सभा हसली. मुलगी कागदाची घडी घालू लागली, घडी नीट बसेना, तैसाच कागद पिशवीत घालून, नमस्कार करून बाहेर गेली. आणि वृत्ती सुभेदारांचे भाचीस दिली. भाचीचे घराणे वकिलांचे आणि डॉक्टरांचे. परंतु मनाच्या शास्त्रात त्या घरातून आजवर कोणी आले नव्हते, सबब अट पुरी जाहली, ऐसा ठराव लिहिला. ठरावाचे अक्षर माझे.

पुढे दोन वर्षे लोटली. विकारी संवत्सरी भागीरथीबाईंचा निरोप आला की, "मी आता थकले. मार्गशीर्षात येते. ज्या मुलींस वृत्ती पावली त्यांतली पाड्यावरची एक तरी डोळ्यांनी पाहीन." सुभेदारांची गाळण उडाली. मज म्हणाले, "ती बेठेकर कोठे आहे ती शोधून आणा. बाईंपुढे उभी राहून 'पावले' इतके म्हणाली म्हणजे झाले. पुढल्या साली तिचे पाहू." मग मी एष्टीने निघालो, आणि एष्टी जेथवर जाते तेथून पुढे दोन कोस पायी गेलो. सुगंती अंगणवाडीत लेकरांस खिचडी वाढीत होती. तिने बसावयास चटई दिली, पाणी दिले, आणि मी कामाचे बोलण्याआधी तिने अकरा वह्या आणून पुढे ठेविल्या. छत्तीस बायांचे बोलणे, वर कोरकूत, खाली मराठीत. एकीने सांगितले होते, "मी जेवत नाही असे नाही. सगळ्यांचे झाले की जेवते. ताट एक जास्त मांडले गेले तर कोणी पाहू नये." वीस वर्षे शिकविले, परंतु ऐसे कधी वाचिले नव्हते. मग ती म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही मला काय विचारिले, आठवते?" म्यां म्हटले, "नाही." आठवत होते. ती म्हणाली, "बरे." मग येण्याचे कारण सांगितले. ती म्हणाली, "येईन. वह्या दाखवीन. पण जे पावले नाही ते पावले म्हणणार नाही."

हे वर्तमान सुभेदारांस निवेदन केले. ते म्हणाले, "मग ती बाईंच्या दृष्टीस पडता कामा नये. देवडीवर तुम्ही उभे राहा." नेमिल्या दिवशी भाचीस बाईंचे शेजारी बसविले, आणि मी देवडीवर उभा राहिलो. दोन प्रहरी सुगंती आली, समागमे थोरली बहीण, दोघींचे खांद्यास पिशव्या. म्यां सांगितले, "बाई सकाळीच येऊन गेल्या. तुम्हांस उशीर जाहला." आतून टाळ्यांचा आवाज आला. सुगंती म्हणाली, "सर, आत कार्यक्रम चालू आहे." म्यां म्हटले, "तो दुसरा." तिने मजकडे क्षणभर पाहिले, आणि बोलली, "आमची गाडी तीनला आहे. तोवर येथे बसतो." आणि त्या समोरच्या कट्ट्यावर बसल्या, फडक्यातली भाकरी सोडून खाऊ लागल्या, बहिणीने मजला "या जेवायला" म्हटले, आणि मी अनमान करून उभाच राहिलो. घटका दोन घटका ऐशा गेल्या, जा म्हणवेना, आत या म्हणवेना. मग भागीरथीबाई बाहेर निघाल्या, कट्ट्याकडे पाहून थांबल्या आणि मजला पुसिले, "या कोण?" उत्तर देण्यास अवकाश होता. म्यां सुभेदारांकडे पाहिले. तेव्हा सुगंती उठून म्हणाली, "मी सुगंती बेठेकर. मला येथून काही मिळाले नाही. जमले तेवढे माझे मी केले, ते आपणांस दाखवायला आणिले." बाई कट्ट्यावर बसल्या, चष्मा लाविला, वही उघडिली आणि वाचू लागल्या. सुभेदार मागे उभे राहून मोटार खोळंबली म्हणाले, त्यांस हातानेच थांबविले. मग बहिणीकडे वळून पुसिले, "बाळाचे नाव काय होते?" बहीण म्हणाली, "बुधा." आणि मग ती आपल्या बोलीत सांगू लागली, आणि सुगंती मराठीत सांगत गेली, आणि तीनची गाडी गेली तरी कोणी उठले नाही. शेवटी बाईंनी मजला विचारिले, "तुम्ही यांना काय सांगितले होते?" म्यां म्हटले, "आपण गेलात, ऐसे." बाई म्हणाल्या, "शिक्षक ना तुम्ही."

मग बाईंनी वृत्ती सुभ्याकडून काढून तिघी शिक्षिकांचे हाती दिली, मुलाखत ज्या त्या मुलीच्या बोलीत घ्यावी ऐसा नियम केला, आणि पहिली वृत्ती सुगंतीस पावली, तिचा प्रबंध सिद्धीस गेला, आणि आज ती याच सुभ्यात शिकविते. सुभेदार हार-तुरे घेऊन निवृत्त जाहले. मजला कोणी शासन केले नाही. जिन्यात भेट होते तेव्हा ती "नमस्कार, सर" म्हणते आणि वाट देते. तिने ही गोष्ट वर्गात काढिली नाही, म्हणून तुम्ही मजपाशी आशीर्वादास येता.

सारांश, वृत्ती द्यावयाची होती ती दिली नाही, हसू नये तेथे हसलो, सांगावयाचे तेथे लपविले, आणि जे बरे जाहले ते आम्हांकरवी जाहले नाही. लेखनसीमेस लिहिणाराने आपले नाव घालावे ऐसी चाल आहे. ते लिहावे म्हणून तीन वेळा बसलो. हात धजला नाही.