खाकरून आत येणारे म्हात्रे

आमचे शेजारी म्हात्रे हवालदार स्वतःच्या रिकाम्या घरातसुद्धा खाकरून शिरत. बायको वारलेली, मुलगी उरणला सासरी. तरी कुलूप काढण्याआधी किल्ल्यांचा जुडगा वाजवायचे आणि म्हणायचे, "येतो हां." खांदा कॉलनीत आम्ही नवे होतो. मला वाटलं, आत कोणीतरी ठेवलेली आहे.

"तुरुंगातली सवय हाय," ते म्हणाले. "बराकीत गुपचूप गेलं का माणूस दचकतो, दचकला का हात उचलतो. आदी आवाज द्यायचा. त्याला सावरायला येळ द्यायचा." हाच उपदेश ते दूधवाल्याला, पोस्टमनला करत. मला तर बायकोच्या मागून गुपचूप जायची बंदीच होती.

त्यांच्या बराकीत कधी शिपायावर हात उचलला गेला नाही. का, हे कोणी विचारलं नाही. हवालदाराला कोण विचारतो?

मग नवे साहेब आले. इतर बराकींत शिपाई मार खात होते, त्यावर साहेबांचा इलाज म्हणजे अचानक झडती, तीही बिनआवाजाची. "तुम्ही कैद्यांना सावध करता," म्हणून त्यांनी म्हात्रेंचा जुडगा फडक्यात बांधायला लावला. पहिल्याच झडतीत म्हात्रेंनी झोपलेल्या सदा नावाच्या कैद्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकून उठला आणि हातात आलेला लोटा त्यानं म्हात्रेंच्या डोक्यात घातला. एक कान गेला, दुसरा जेमतेम उरला.

चौकशीत साहेबांना एकच वाक्य हवं होतं: कैद्यानं मुद्दाम हल्ला केला. बदल्यात बढती होती. म्हात्रे म्हणाले, "तो दचकला. मला आवाज देऊ दिला नाय." डोक्याला मार लागल्यानं हवालदार भ्रमिष्ट झालाय, असं ठरलं. सदाची शिक्षा वाढली, म्हात्रे घरी बसले आणि हल्ले रोखल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. त्या हारतुऱ्यांचा मला अजून संताप येतो.

म्हात्रे दर महिन्याला तुरुंगात सदाला भेटायला, मुलाखतीला जात. त्याला दुसरं कोणी नव्हतं. एकदा मीही गेलो. त्यांच्याच हाताखाली शिकलेला शिपाई खेकसला, "ए म्हाताऱ्या, रांगेत मागं हो." ते मागे झाले. जाळीशी नुसता गलका होता. सदा पलीकडून पोटतिडकीनं बोलत होता आणि म्हात्रे हसून मान डोलवत होते.

परतताना मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "काय म्हणत होता?"

"काय ठाव. एक शब्द ऐकू आला नाय."

"मग मोठ्यानं बोल म्हणायचं."

"नको," म्हात्रे म्हणाले. "कान गेलाय ते त्याला अजून म्हायत नाय."