कात्रजचे हवामान

टिपणीस कॅमेऱ्यासमोर ‘नमस्कार’ म्हणाले की थांबत. चांगले थांबत. पहिल्या दिवशी मला वाटलं, पुढचं विसरले. विचारलं तर म्हणाले, “लोक उलट नमस्कार करत असतील. त्यांना वेळ नको द्यायला?”

लोक म्हणजे तेव्हा मी आणि माझी बायको.

आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसवली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. धायरीच्या आमच्या सोसायटीत ब्रॉडबँड नवं नवं आलं होतं. आयटीतली निम्मी सोसायटी घरी येऊन मांजरांचे व्हिडिओ बघायची. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या टिपणिसांना ते सहन होईना. “जगात एवढं चाललंय आणि तुम्ही मांजर बघता?” असं म्हणून त्यांनी स्वतःचं जागतिक बातमीपत्र काढलं. मागे चादर, अंगात लग्नातला कोट, समोर माझा वेबकॅम. संगणक माझा, म्हणून तो व्हिडिओ इंटरनेटवर चढवायचं कामही माझंच.

त्या ज्वालामुखीचं नाव घ्यायला भले भले निवेदक कचरत. टिपणिसांनी ते दाढी करताना घोकलं, जिना उतरताना घोकलं, भाजीवाल्याला ऐकवलं. ‘एयाफ्यात्लायोकुत्ल.’ भाजीवाला म्हणाला, “आज नाही आलं काका, कोथिंबीर देऊ?”

बातमीपत्रात त्यांनी ते एका दमात म्हटलं आणि वर विजयी चेहऱ्याने पाणी प्यायले. कुणा कॉलेजकुमाराने तेवढाच तुकडा उचलून त्याला ढोलाची साथ जोडली. मग काय, बघणाऱ्यांचा आकडा रोज फुगू लागला. समोरच्या इमारतीत हळदीला त्यावर पोरं नाचली. टिपणीस गॅलरीतून बघत होते. “नाचू देत,” म्हणाले. “उच्चार शुद्ध आहे ना, बास.”

शेवटी हवामान असे. “पुणे, कमाल तापमान एकोणचाळीस. कात्रज, चाळीस. कात्रजच्या नागरिकांनी दुपारी टोपी घालावी. गुडघे दुखत असल्यास जिना टाळावा. आमरस एकच वाटी घ्यावा.”

“अहो, कात्रज पुण्यातच आहे की. त्याला वेगळं हवामान कशाला?”

“आपण कॅमेरा सांभाळा.”

कात्रजला त्यांचे थोरले भाऊ राहत. एका लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर छापलं यावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. हे मला ठाऊक होतं. पण दोन आणि दोन जोडायची अक्कल त्या उन्हाळ्यात मला नव्हती.

व्हिडिओखाली लोक कात्रजवरून टिंगल करू लागले. एकाने लिहिलं, ‘खडकवासल्याने काय घोडं मारलंय?’ त्यात व्हिडिओ चढायला अख्खी दुपार जाई. मी कंटाळलो आणि हवामानाचं शेपूट कापलं. टिपणिसांनी विचारलं, “कात्रज कुठं गेलं?” मी म्हटलं, “मशीनने खाल्लं.” दुसऱ्या दिवशीही कापलं. ते नुसते कोटाची बटणं काढत बसले.

प्रसिद्धी मिळाल्यावर टिपणीस कात्रजला विसरले, असं सोसायटीत अजून म्हणतात. टिपणीस आता नाहीत. म्हणून सांगतो, ते विसरले नव्हते. कापणारा मी होतो.

त्यानंतरच्या दुपारी आम्ही चादर ताणत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात टिपणिसांचंच नाक असलेले एक म्हातारे गृहस्थ, कठड्याला धरून धापा टाकत होते. डोक्यावर टोपी.

“दोन दिवस कात्रज आलं नाही,” ते टिपणिसांना म्हणाले. “म्हटलं, बरा आहेस ना.”

टिपणीस थांबले. नमस्कारानंतर थांबत, तसेच.

“दादा,” शेवटी त्यांना शब्द फुटला, “या गुडघ्यांनी तीन मजले कशाला चढलास?”

“चढू नको असं कुणी सांगितलंच नाही,” दादा म्हणाले, “परवापासून.”