माणिकअप्पांची पाचवी संख्या

कमलनगर स्टँडवरून ८१२८ नंबरची जीप निघाली, की माणिकअप्पा चालू गिरणी बंद करतात आणि पिठाळ हात जोडून दारात उभे राहतात. जीपवाला आधी ओशाळायचा. आता हॉर्न देतो.

"आमदाराच्या गाडीला कधी हात जोडले न्हाईत," मी एकदा म्हणालो.

"त्येच्या गाडीचा नंबर बगितलास का? भुकेला हाय."

अप्पांनी माणसाची जात कधी विचारली नाही. संख्येची मात्र हटकून विचारतात. जिनं पूर्ण भाग जातो, ती लहान संख्या म्हणजे भाऊबंद. सगळ्या भाऊबंदांची बेरीज करायची. कमी भरली तर संख्या भुकेली, जास्त भरली तर तुडुंब. तंतोतंत आली, तर पुरी! सहाचे भाऊबंद एक, दोन, तीन. बेरीज सहा.

"सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव आन् ही जीप. लाखात बी पाचवी न्हाई, पोरा."

गेल्या महिन्यात शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दलचं आमच्या संघटनेचं पत्रक चिकटवायला मी त्यांच्याकडे भिंत मागायला गेलो.

"आतली भिंत रिकामी न्हाई."

"कामून? काय लावलंय?"

त्यांनी दिवा लावला. भिंतभर खडूनं लिहिलेले पंचवीस आकडे, एकाखाली एक. तळाशी बेरीज : ३,३५,५०,३३६.

"पाचवी," अप्पा कुजबुजले. "आठ वर्सं झाली हिच्या मागं लागून. सातवीत शाळा सुटली माजी, इचारू कुणाला? घरचे म्हणत्यात, म्हातारा भिंतीसंगं बोलायलाय. तू पत्रकं लिवतूस न्हवं? छाप की. कमलनगरात घावली म्हणून."

मी मोबाइलवर बेरीज मारली. बरोबर! पुन्हा मारली. अंगावर काटा आला. तीन कोटींच्या गर्दीतून या माणसानं खडूच्या तुकड्यानं एक संख्या हुडकून काढली होती. आम्ही भाषणांत 'जनतेची बुद्धी' म्हणतो, ती ही अशी समोर उभी होती, भुवयांवर पीठ घेऊन.

छापण्याआधी खात्री करावी म्हणून मोबाइलवर ती संख्या शोधली, आणि गार पडलो. ती कित्येक शतकांपूर्वीच सापडलेली होती.

गप्प बसावंसं वाटलं. पण खोटं छापायचं नाही, एवढा एकच नेम मी आजवर पाळलाय. सांगून टाकलं.

अप्पा ज्वारीच्या पोत्यावर बसले.

"कवा घावली म्हणलास?"

"शेकडो वर्षं झाली, अप्पा."

"तवा मिशिनी नव्हत्या. हातानंच केली असंल."

"हातानंच."

"हीच का? शेवटाला तीनशे छत्तीस?"

"व्हय, हीच."

त्यांचे डोळे भरून आले. आपण या माणसाचं मन मोडलं, असं वाटून मी मान खाली घातली. तर अप्पांनी माझा हात घट्ट धरला.

"लई बरं झालं बाबा. म्हंजी ह्या वाटंनं कुणीतरी माणूस गेलाय. मला आपलं वाटायचं, म्या येकलाच हाय."