लिटरला दीडशे ग्रॅम

अकरा वाजता कारखान्याचे चेअरमन जयराजदादा येणार होते, म्हणून नानासोंनी साडेनऊलाच साखरेचा डबा कपाटात कोंडला आणि किल्ली खिशात टाकली.

नानासो लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बर्फाळ सरबताचं एक जुनं मशीन त्यांनी कुपवाडहून आणलं होतं. कारखान्याच्या गेटवर ते मांडायला जागा मिळाली, की हंगामभर ऊस घेऊन ताटकळणारे ट्रॅक्टरवाले गिऱ्हाईक म्हणून आयतेच मिळणार होते. पण जागा देणार चेअरमन, आणि ते आधी चव घेणार. साखर कारखान्याच्या चेअरमनना मधुमेह आहे, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, कारण ती गुप्त गोष्ट होती.

"आवं, विकणाऱ्यानं बजावून सांगितलंय," बायको संयोगिता म्हणाली. "लिटरला दीडशे ग्रॅम साखर. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

"दादांना शुगर हाय. बिनसाखरेच्या गोड गोळ्या टाकायच्या."

"साखर नुसती चवीला नसती. आतल्या गार नळकांड्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, अन् हा फिरणारा स्क्रू त्यो खरवडतो. साखर हाय म्हणून सगळं पाणी गोठत न्हाई, भुसभुशीत ऱ्हातं. साखर काढली तर दगड हुईल."

"लडाखला दोन वर्सं बर्फात काढलीत मी. मला बर्फ शिकवतीस?"

"तितला बर्फ तुमी बनवला नव्हता."

नानासोंनी कोकमाचं दहा लिटर पाणी मशीनमध्ये ओतलं, गोळ्या टाकल्या आणि बटण दाबलं.

सुरुवातीला लाल पाणी छान घुसळत होतं. नानासो दर दोन मिनिटांनी बायकोकडे विजयी मुद्रेनं बघत होते. सव्वादहाला मशीन कण्हलं. वीस मिनिटांनी स्क्रू कर्रकर्र करून जागीच थांबला. आत कोकमाचा सुबक लाल धोंडा तयार झाला होता.

"चेअरमन चघळतील व्हय?" संयोगितानं विचारलं आणि बटण बंद केलं.

नानासोंनी पातेलंभर कोमट पाणी ओतून धोंडा विरघळवला. मग कपाट उघडलं. दीड किलो साखर पुरली असती, पण मघाची राहून गेलेली आणि आत्ताची, असा हिशोब करून त्यांनी तीन किलो ओतली. बटण पुन्हा चालू. स्क्रू मजेत फिरू लागला आणि फिरतच राहिला. बर्फाचा कण दिसेना.

"आता जास्ती झाली," संयोगिता शांतपणे म्हणाली. "एवढ्या साखरेचं पाणी ह्या गारठ्याला दाद देत न्हाई. पाक झालाय त्यो."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. चेअरमन आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आले होते. सोबत दोन संचालकही होते.

नानासोंनी घाम पुसत ग्लास पुढं केला. "दादा, खास तुमच्यासाठी. बिनसाखरेचं."

जयराजदादांनी घोट घेतला. डोळे मिटले. उघडले. दुसरा घोट जरा मोठा घेतला. "वा! बिनसाखरेचं असून काय गोडी हाय, हवालदार!" ग्लास रिकामा झाला. दुसरा मागितला गेला.

संयोगिताला राहवेना. ती जवळ जाऊन कुजबुजली, "दादा, पुरं. साखर हाय त्यात, लय."

"वैनी," दादा त्याहून हळू म्हणाले, "अकरा वर्सं कारखाना चालवतोय. साखर वळखत न्हाई व्हय मी? हवालदारांनी सरबताचा पाक केलाय. घरात चा बी फिक्का मिळतो. गप ऱ्हावा." मग संचालकांना ऐकू जाईल असं बोलले, "गेटवर कशाला? माज्या केबिनशेजारीच लावा की हे मशीन!"

नानासोंनी मनात हिशोब केला. केबिनशेजारी एकच गिऱ्हाईक, तेही फुकटचं.

"दादा," संयोगिता पुन्हा हळूच म्हणाली, "तुमच्या घरच्या मंडळींचा नंबर हाय माज्याकडं. लावू?"

चेअरमननी दुसरा ग्लास न पिताच खाली ठेवला. "गेटवरच बरं पडंल," ते मोठ्यानं म्हणाले. "ड्रायव्हर लोकांची सोय बघाय पायजे."

परवानगीचा कागद चौथ्या दिवशी आला. नानासोंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. जागा गेटवरची, हंगामभर, सौ. संयोगिता यांना. स्वतःचं नाव त्यांना पहिल्या पानावर सापडलं नाही. मागच्या पानावर तळाशी मात्र चेअरमनच्या अक्षरात एक अट होती : 'मदतनीस म्हणून पती चालतील. मशीनला हात लावू नये.'