नऊ पिल्लं आणि हळदीचं पोतं

उन्हाळा म्हणजे माझ्या हातचा मळ! सांगलीच्या हळदपेठेत वीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेला माणूस मी. माठ कुठे ठेवला की पाणी गार होतं, कुठली खिडकी कधी लावायची, हे सगळं गल्लीतले लोक मला विचारून करतात. निदान मी सांगतो तेव्हा ऐकून तरी घेतात. त्यामुळे सेहेचाळीस सालच्या वैशाखात शेजारच्या बनूआक्का कोंबडी आणि तिची नऊ पिल्लं घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी विचार न करता हो म्हणून बसलो.

आता आम्ही जैन. वाऱ्याने कोंबडीचं पीस अंगणात आलं तरी माझी बायको त्रिशला ते चिमट्याने उचलून बाहेर टाकते. पण बनूआक्कांचा केरबा पाच वर्षांनी लढाईवरून सुटून येत होता आणि त्या माऊलीला घरात वाट बघत बसवेना. रहिमतपूरला भावाकडे जायचं, तिथल्याच स्टेशनावर पोराला गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेऊन घरी यायचं, असा त्यांचा बेत होता. पण पिल्लं ठेवायला साऱ्या गल्लीत आमचंच घर का, असं मी विचारलं.

"आण्णा, तुमच्यात ठिवली तर नऊच्या नऊ ऱ्हातील," बनूआक्का म्हणाल्या. "दुसरीकडं ठिवली तर सांजच्या वक्ताला कुणाच्या तरी चुलीव शिजतील. केरबा आल्याव ह्या पिल्लांचं काम हाय. चोच वासाय लागली की समजा, उनानं जीव चाललाय."

कसलं काम ते मी विचारलं नाही. नऊच्या नऊ जिवंत परत देईन, असा शब्द मात्र छातीवर हात ठेवून दिला.

त्रिशलाने परसात कडुनिंबाखाली तेवढी जागा दिली. तिथे मी बांबूचं विणलेलं डालगं पालथं घातलं, आत पिल्लं ठेवली आणि तांबडीला, म्हणजे त्यांच्या आईला, दाणे टिपायला मोकळं सोडलं. मग पोटभर जेवलो. हात धुवायला परसात आलो आणि बघतो तर कडुनिंबाची सावली सरकून भिंतीपलीकडे गेलेली! डालग्यावर भर दुपारचं ऊन. आत नऊ चोची वासलेल्या, पंख गळालेले, आणि एक पिल्लू तर आडवंच झालेलं.

माझे हातपाय गारठले. मला तेवढाच काय तो गारवा मिळाला. डालगं ओढत भिंतीच्या सावलीत नेलं, पण ती भिंतच तव्यासारखी तापली होती. मग मला युक्ती सुचली. ओसरीवर पेठेतून आणलेलं रिकामं पोतं पडलं होतं. ते हौदात बुडवलं आणि ठिबकतं तसंच डालग्यावर पसरलं. पाव तासात आतून चिवचिव सुरू झाली. आडवं झालेलं पिल्लूही उठून बसलं. मी त्रिशलाला हाक मारून माझं कौतुक ऐकवलं आणि ओसरीवर आडवा झालो.

तासाभराने पोतं उचललं. नऊही पिल्लं ठणठणीत होती. फक्त सकाळी पांढरट करडी असलेली ती पिल्लं आता पिवळीधमक होती, बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी! हळदपेठेतून आणलेल्या पोत्यात हळद असणार, हे मला तेव्हा कळलं.

हसण्यावारी नेलंही असतं. पण इतक्यात तांबडी आली. तिने एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून पाहिलं. ही कुणाची परकी पोरं माझ्या घरात, असं तिला वाटलं असावं. पहिलं पिल्लू आई आई करत जवळ गेलं, त्याला तिने अशी चोच मारली की त्याच्या डोक्यावर रक्त आलं. मी मधे हात घातला. दुसरी चोच मला बसली.

आता आली का पंचाईत! आई जवळ घेईना, आणि आईवाचून ती जगणार कशी? पाण्याने धुवून पाहिली, हळद हलेना. हळद उडते ती उन्हात धरल्यावर, आणि उन्हात धरली तर पिल्लं मरणार! त्रिशला मंदिरात गेली होती. मी धुण्याचा साबण काढला आणि जपून, एकेकाला तळहातावर घेऊन धुवायला बसलो.

चार पिल्लं झाल्यावर माझं रंगाकडे लक्ष गेलं. चारही लाल झाली होती. साधी लाल नव्हे, कुंकवासारखी. त्रिशला परत आली ती तशीच दारात थांबली.

"आवं, हळदीला साबण लागला की ती तांबडी हुती, ह्ये शेंबड्या पोराला बी ठाव असतंय," ती म्हणाली. "वीस वर्सं तुमी पेठंत केलंसा तरी काय?"

धुणं मी कधी धुतलं नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत मी तांबडीला एका हाताने अडवत आणि पिल्लांना दुसऱ्या हाताने पाणी पाजत बसलो. अंधारात मात्र रंग दिसेनासे झाले, नुसते आवाज उरले, आणि आवाज तिच्या ओळखीचे होते. तिने पंख पसरले. नऊही आत शिरली. मला खरंच भरून आलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी आत उजेड जाऊच नये म्हणून मी माझं धोतर चौघडी करून, ओलं करून, डालग्यावर टाकलं आणि तांब्या घेऊन शेजारी बसलो. वाळलं की शिंपड, वाळलं की शिंपड. पेठेत निरोप पाठवला की ताप आलाय. तो येतच होता.

दुपारी बनूआक्का आल्या. मागे केरबा, खाकी कपड्यात, अंगाने निम्मा झालेला. मी धोतर बाजूला केलं आणि मान खाली घातली. पाच पिवळी, चार लाल. मग बनूआक्का डोळ्यांना पदर लावून चक्क माझ्या पाया पडायला वाकल्या.

"आण्णा, केरबा धडपणी आला की मरीआईला कोंबडं दीन म्हणून नवस बोलले हुते. एक मोठं झालं की देणार हुते. तुमच्या धर्मात बसत न्हाई, तरी तुमी सोताच्या हातानं समद्यांस्नी हळदकुकू लावून ठिवलंसा. आता एकाव भागायचं न्हाई. नऊच्या नऊ आईच्या नावाची झाली!"

त्रिशलाने माझ्याकडे पाहिलं. लग्नापासून तिला बोलायला शब्द कमी पडले नव्हते, ते त्या दिवशी पडले.

मी पोतं दाखवलं, साबण दाखवला, हात जोडले. आक्कांना तो माझा विनय वाटला. नऊ नारळ मी आणतो म्हणालो, तर देवीला फसवू नका म्हणाल्या. शेवटी केरबा उकिडवा बसला. सर्वांत लाल पिल्लू त्याने ओंजळीत घेतलं.

"आये, लय बघितलं म्या तिकडं," तो हळूच म्हणाला. "नारळच फोड."

आक्कांनी पोराकडे बघून मान हलवली. नारळ मी त्याच पावली जाऊन आणले.

पुढे पावसाळ्यात पिल्लांचे रंग गेले. केरबाने ओंजळीत घेतलेलं ते सर्वांत लाल पिल्लू कोंबडा निघालं. रोज पहाटे चार वाजता तो आमच्या भिंतीवर चढतो आणि नेमका माझ्या उशाच्या खिडकीत तोंड घालून आरवतो. मी उठून बसतो, त्याला एका शब्दाने बोलत नाही. पण कधी कधी, भगवंत मला क्षमा करोत, नारळ आणायची मी जरा घाईच केली असं वाटतं.