नाथा पाटलानं गाव लपवलं

सरकारकडून काम कसं काढून घ्यायचं हे सबंध ठाणे तालुक्यात एकट्या आपल्यालाच कळतं, अशी बाळकुमच्या नाथा पाटलाची पक्की खात्री होती. ही खात्री त्यानं कधी मनात ठेवली नाही. चावडीवर चार माणसं दिसली की तो सांगायला बसायचा. मामलेदारासमोर मान किती झुकवायची, कारकुनाला काका कधी म्हणायचं आणि साहेब हसला तर आपण हसावं की नाही, याचं सगळं शास्त्र त्याच्याकडे तयार होतं. या शास्त्रानं गावाचं आजवर एकही काम झालं नव्हतं, पण ते विचारायचं धाडस कुणी करत नसे.

आणि नेमकं आता नाथाला एक काम हवंच होतं. ठाण्याहून आगगाडी धावायला लागून तीसेक वर्षं झाली, तरी बाळकुमहून ठाण्याला जायचं म्हणजे खाजणातून जावं लागे. रोज भरतीचं पाणी त्या वाटेवर चढायचं आणि उतरताना चिखल ठेवून जायचं. पावसाळा असो की उन्हाळा, चिखल बारमाही. गावात भात होतं, मीठ होतं, मुंबईच्या घोड्यांना लागणारं गवत तर ढिगानं होतं. पण ते स्टेशनात न्यायचं तर बैलांची ताकद गवत ओढण्यात कमी आणि चाक उपसण्यात जास्त जायची.

एवढं सगळं गाव वर्षानुवर्षं सोसत होतं आणि नाथाही सोसत होता. त्याचा धीर सुटला तो मुलाच्या सोयरिकीपायी. मुलगा राघो, मुलगी कोपरची मालन. दोघांचं पटलं, घरं पटली, देणंघेणं पटलं. मग मुलीची आई रंगूबाई घर बघायला आली. होडीनं ठाण्यापर्यंत ती राणीसारखी आली आणि ठाण्याहून बाळकुमपर्यंत तिचं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. दारात पोचली तेव्हा गुडघ्याच्या खाली ती नव्हतीच, नुसता चिखल होता.

"घर चांगला हाय, पोरगा चांगला हाय," पाय धुता धुता ती म्हणाली. "पन माजी पोर माहेरपनाला आनायची तर काय खनून कारायची? रस्ता होऊ द्या, मंग अक्षता."

राघो तेव्हापासून जेवणावर रुसला होता. नाथाची बायको हौसाबाई नवऱ्यावर रुसली होती. आणि अशात, पौषाच्या महिन्यात, ठाण्याहून निरोप आला की मुंबई सरकारच्या यंदाच्या बजेटात रस्त्यांसाठी रक्कम निघाली आहे आणि कुठल्या गावाला रस्ता द्यावा हे पाहायला गुप्ते इंजिनीयरसाहेब अवसेच्या दिवशी सकाळी बाळकुमला येतील.

नाथानं त्याच संध्याकाळी गाव गोळा केलं.

"साहेब काय बगायला येतोय?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं. "आपली दशा. जितकी दशा वाईट तितका रस्ता लवकर. साहेबाच्या डोल्यात पानी आला पायजे."

हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सरकारी माणूस यायचा म्हटलं की असेल नसेल ते झाकायचं, हे बाळकुमच्या अंगवळणी पडलेलं होतं. गाड्या तर हटकून लपवायच्या. दौऱ्यावरचे अंमलदार आपले तंबू, पेट्या आणि खुर्च्या वाहायला गावातल्या गाड्या वेठीला धरायचे, आणि एकदा धरलेली गाडी परत कधी येईल हे तिच्या बैलांनाही सांगता येत नसे. तेव्हा लोक उत्साहानं कामाला लागले. भाताच्या कणग्यांवर गोधड्या पडल्या. बायकांनी अंगावरचे डागदागिने चुलीमागे पुरले. अवसेच्या पहाटे, ओहोटी असताना, साऱ्या गाड्या बैलांसकट खाजणात उतरवून तिवरांच्या दाट झाडीआड उभ्या केल्या. बऱ्याच गाड्यांवर ठाण्याला न्यायचं गवत आणि भात लादलेलंच होतं, ते तसंच राहिलं.

"दुपारी उधान हाय, आबा," राघो म्हणाला. "अवस हाय आज."

"साहेब सकाळी येनार न् न्याहरीच्या आत जानार. मी काय आज आलोय या खाजनात?" नाथानं त्याला उडवून लावलं. तरी राघोला त्यानं गाड्यांपाशी बसवलं आणि आपण हुकूम दिल्याशिवाय एक बैल हलता कामा नये असं बजावलं.

नाथाचं शास्त्र साहेब वेळेवर येतो या एका खुंटीवर टांगलेलं होतं. गुप्तेसाहेब सकाळी निघाले खरे, पण त्यांचं घोडं त्याच खाजणातल्या वाटेवर दोनदा बसलं. साहेब चावडीवर आले तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं आणि त्यांचे बूट ओळखू येत नव्हते. उंच, किडकिडीत, जानव्यासारखी बारीक सोन्याची साखळी कोटावर असलेला तो माणूस होता. बोलायला सौम्य.

नाथा फाटकं धोतर नेसून सामोरा गेला. त्याच्यामागे शेजारचा काळुराम उभा होता. त्यानं तर सदरा मुळात घातलाच नव्हता, पहाटेपासून उघडा राहून त्याला हुडहुडी भरली होती आणि ती अगदी खरी होती.

"भात किती होतं गावात?" साहेबांनी विचारलं.

"कसला भात, साहेब. उंदीर खातात."

"सगळं?"

"आमाला कनी ठेवतात."

"आणि मीठ?"

"पिकतंय. पन पानी खारा नाय पूर्वीसारखा." काळुरामनं सुस्कारा टाकला.

साहेबांनी खाडीकडे पाहिलं, मग काळुरामकडे पाहिलं, आणि लिहिलं. "गाड्या?"

"एक होती," नाथा म्हणाला. "तिचा एक चाक काळुरामनं विहिरीवर बसवला. दुसरा अजून हाय, दाखवू?"

"आणि ती गवताची एवढी मोठी गंजी?"

गंजी लपवायची राहिली होती. घराएवढी गंजी लपवणार कुठं? नाथानं क्षणभर डोळे मिटले. "ती देवाची हाय, साहेब. आमी तिला हात लावत नाय."

हौसाबाई दारामागून ऐकत होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण साहेब शांतपणे लिहीत होते, मान डोलावत होते. नाथाला वाटलं, जमलं. आता डोळ्यांत पाणी येण्याचंच काय ते बाकी आहे. साहेबांनी लिहिणं संपवलं आणि ते प्रसन्नपणे हसले.

"पाटील, तुमच्या सरळपणाचं कौतुक वाटतं. बहुतेक गावं नसलेला माल दाखवतात. तुम्ही माझं काम सोपं केलंत. बाळकुमचं नाव यादीतून काढून टाकतो."

नाथाही हसला. मग हसता हसता थांबला. "काढून?"

"हे बघा," साहेब समजावून सांगू लागले. "पूर्वी सगळं कलकत्त्याहून ठरायचं. आता मुंबई सरकारला आपल्या इलाख्यात कुठं खर्च करावा हे पुष्कळसं स्वतः ठरवता येतं. पण रक्कम मूठभर आणि मागणारी गावं ढीगभर. शिवाय ही खैरात नव्हे, पेरणी आहे. जिथं माल आहे आणि वाटेअभावी अडलाय, तिथं रस्ता दिला की माल बाजारात जातो, व्यापारी येतात, लोक आणखी पिकवतात. मग तिथूनच सरकारलाही चार पैसे परत येतात आणि पुढल्या साली दुसऱ्या गावाचा रस्ता होतो. ज्या गावात एक चाक आहे त्याला रस्ता देऊन काय उगवणार? खडकावर कुणी भात पेरतं का, पाटील?"

नाथा शेतकरी होता. पेरणीची गोष्ट त्याला झटकन कळली. सकाळपासून जीव तोडून त्यानं आपल्या गावाचा खडक करून ठेवला होता. त्याला रंगूबाई दिसली, गुडघ्यापर्यंत चिखलातली. त्याला म्हातारा झालेला बिनलग्नाचा राघो दिसला.

"साहेब, उंदीर... तितकं नाय खात," तो घाईघाईनं म्हणाला.

"असं?"

"भात हाय. पुष्कल हाय. न् ती गंजी आमचीच, देवाची नाय. गाड्या पन हायेत."

"मघाशी एक चाक होतं."

"आता लई हायेत."

गुप्तेसाहेबांचा चेहरा कडक झाला. "पाटील, अर्ध्या घटकेत एवढी बरकत मी कुठल्या गावात पाहिली नाही. मला मूर्ख समजू नका." ते उठले आणि घोड्यावर बसून चालू लागले. नाथा मागून धावत होता, काळुराम उघड्या अंगानं त्याच्यामागून धावत होता, आणि गोधड्या दूर सारून कणग्या दाखवायला निघालेली हौसाबाई दारातच राहिली, कारण बघायला साहेब थांबलेच नाहीत.

साहेब वेशीपाशी पोचले तोच समोरून राघो आला. कमरेपर्यंत भिजलेला.

"आबा, भरती गाड्यांच्या अर्ध्या चाकापर्यंत आली," तो तिथूनच ओरडला. "गाड्या भायेर कारू का बुडू देऊ? तुमी बोललेलाव हुकमाबिगर हलायचा नाय."

साहेबांनी लगाम खेचला. नाथानं एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा पोराकडे. लाजेनं मरायलाही वेळ नव्हता, त्या गाड्यांत गावाचं वर्ष भरलं होतं.

"कार!" तो ओरडला. "समद्या कार!"

आणि तिवरांची झाडी फुटली. डावीकडून गाड्या निघाल्या, उजवीकडून निघाल्या. घाबरलेले बैल, गवताचे डोंगर, भाताची पोती, सगळं त्या एकुलत्या एका अरुंद वाटेवर चढायला लागलं. पहिली गाडी रुतली. तिच्या मागची तिला भिडली. तिसरीनं बाजूनं जायचा यत्न केला आणि ती आडवी झाली. कुणी शेपट्या पिरगाळत होतं, कुणी चाकाला खांदा देत होतं, आणि बायका साड्या खोचून भाताची पोती डोक्यावरून गावाकडे नेत होत्या. साहेब गाड्या मोजायला लागले, पण गवतामागून आणखी गाड्या निघत राहिल्या तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. घोडं पुढंही जाईना, मागंही फिरेना. ते खाली उतरले तर एक पाय चिखलातून वर आला आणि बूट आतच राहिला. शेवटी नाथा आणि काळुरामनं त्यांना दोन्ही बगलांत धरून गवताच्या गाडीवर बसवलं, आणि भरती उतरेपर्यंत इलाख्याच्या बजेटाचा प्रतिनिधी तिथेच बसून राहिला.

हौसाबाईनं भाकरी आणि सुकटीचं कालवण पाठवलं, मग साहेबाला सुकटीचा वास चालेल का अशी शंका येऊन ते परत नेऊन गूळ-पोहे पाठवले. साहेबांनी पोहे खाल्ले.

"गाड्या लपवल्या कशाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"वेठीच्या धाकानं, साहेब," नाथा म्हणाला. आता त्याचं शास्त्र संपलं होतं, तेव्हा तो खरं बोलत होता. "सरकार आलं की न्यायलाच येतं. द्यायला येतं हे ठावंच नव्हतं."

साहेब त्या खोळंब्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडावर हसू फुटलं आणि ते इतके हसले की गवताची गाडी हलायला लागली. "पाटील, हजार अर्ज वाचून मला जे कळलं नसतं ते मी आज बूट घालवून शिकलो. इतका माल आणि ही वाट! रस्ता लिहितो तुम्हांला. मार्चच्या आत काम सुरू व्हायला हवं, नाहीतर रक्कम परत जाते. माणसं द्याल कामाला?"

"समदा गाव देतो," नाथा म्हणाला आणि त्याला एकदम रडू आलं. अखेर डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्याच.

पावसाआधी दगडी बांध झाला, वर मुरूम पडला, पाण्याला मोऱ्या ठेवल्या. वैशाखात रंगूबाई पोरीला घेऊन ठाण्याहून गाडीत बसली आणि बाळकुमला उतरली तेव्हा तिच्या पावलांना धूळ तेवढी लागली होती. अक्षता पडल्या. राघो जेवायला लागला. बोहल्यापासून दूर, गंजीच्या सावलीत नाथा एकटाच बसला आणि त्यानं इतका मोठा श्वास सोडला की तो पौषापासून कोंडून ठेवलेला असावा.

पुढच्या वर्षी गवत स्टेशनात बिनबोभाट पोचायला लागलं. भाताच्या व्यापाऱ्यांनी दारात येऊन भाव केला. काळुरामनं नवा सदरा शिवला आणि पडीक खारजमिनीचा एक तुकडा लागवडीला आणला. साहेब म्हणाले होते तसं सगळं उगवलं. त्यांनी शेवटी जे सांगितलं होतं, चार पैसे परत येण्याचं, ते मात्र नाथाच्या ध्यानातून गेलं होतं.

एके सकाळी मुरमावरून घुंगरं वाजवत एक टांगा थेट त्याच्या अंगणात आला. आतून धंद्यावरच्या नव्या कराचा कारकून उतरला. त्याच्या अंगावर चिखलाचा एक ठिपका नव्हता.

"रस्ता झकास झालाय हं, पाटील," तो कौतुकानं म्हणाला. "नाहीतर इतक्या आत आमच्या कचेरीतलं कोण येतंय!"